पावसाळाभर पडून राहिलेली एटीव्ही चोकवरच चालतेय? आधी हे बघा

बीचवर राईडला फिरवतात तसली ११० सीसीची एटीव्ही (चार जाड चाकांची गाडी) चार महिने ताडपत्रीखाली पडली की नंतर चोक ओढून चालू होते आणि चोक सोडला की बंद. अशावेळी बहुतेकदा कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग, थोडक्यात कार्ब) पायलट जेट, म्हणजे गाडी हळू चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी, तुंबलेला असतो, इंजिन खोलायची घाई करू नका, मेकॅनिक लगेच नवीन कार्ब सांगेल.

१. पेट्रोल कॉक बंद करा, कार्बच्या खालच्या वाटीचा (यात पेट्रोल साठतं) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा, तळाला पाणी किंवा गाळ दिसला तर टाकीपण रिकामी करावी लागेल, नाहीतर परत तेच होणार.
२. वाटी खोला. मेन जेटच्या शेजारी छोटा असतो तो पायलट जेट, बरोबर बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, पितळ मऊ असतं, खाच गेली की मग बसा बोंबलत.
३. जेट उजेडात धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसायला पाहिजे. नसेल तर कार्ब क्लीनर मारा, थोडा वेळ थांबा, मग वायरमधली तांब्याची एकच बारीक तार आतून फिरवा. स्टीलची तार किंवा सुई नको, भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल पीत बसते.
४. बसवून ताजं पेट्रोल भरा.

क्लीनर मारताना चष्मा घालाच, दुसऱ्या भोकातून फवारा थेट डोळ्यात येतो. आणि हे सगळं इंजिन गार असताना, मोकळ्या जागेत, आसपास कोणी बिडी ओढत नाही ना ते बघून.