सातव्या पानाचा कोपरा : जगावेगळ्या बातम्या लिहिताना शिकलेले

कोल्हापुरातील एका दैनिकात उपसंपादक म्हणून मी रुजू झालो, तेव्हा राजकारण, साखर किंवा कुस्ती यांपैकी एकही विषय माझ्या वाट्याला आला नाही. सातव्या पानाच्या तळाशी रोज एक दोन कॉलमी चौकट असे. तिच्यात देशोदेशींच्या चमत्कारिक बातम्या, चित्रपटसृष्टीतील किस्से आणि ‘हे तुम्हाला ठाऊक आहे का’ छापाची माहिती भरायची असे, आणि ती चौकट माझ्या गळ्यात पडली. डेस्कवर तिला ‘फिलर’ म्हणत. आयत्या वेळी जाहिरात रद्द झाली की ती फुगे आणि जाहिरात वाढली की पहिली कात्री तिलाच लागे. नवशिक्याला हे काम देण्यामागचा हिशेब सरळ होता : येथे चूक झाली तरी कोणाचे काही बिघडणार नाही. हा हिशेब किती कच्चा आहे हे मला दोन महिन्यांत कळले. या कामाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी लिहिताना मी आरंभ त्या चुकीपासूनच करतो.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात १५ जानेवारी १९१९ रोजी मोलॅसिसची (साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट द्रवाची) एक प्रचंड टाकी फुटली आणि चिकट, तपकिरी द्रवाची लाट रस्त्यांवरून धावत सुटली. २१ माणसे मरण पावली आणि सुमारे १५० जखमी झाली. घटनेच्या स्मृतिदिनी मी ती चौकटीत घेतली आणि मथळा दिला, ‘काकवीच्या पुरात शहर बुडाले’. मजकुरात २३ लाख गॅलनऐवजी २.३ कोटी गॅलन असा आकडा गेला, कारण ‘मिलियन’ म्हणजे दहा लाख हे पाठ असूनही रात्री साडेअकराला बोटांनी कोटी टंकले होते. चौथ्या दिवशी एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या केमिस्टचे पत्र आले. त्यांनी मला रागावले नव्हते, नुसते गणित मांडले होते. तुम्हीच लिहिता की टाकी ५० फूट उंच आणि ९० फूट रुंद होती, तर तिच्यात फार तर ९० लाख लिटर मावतील, मग तुमचे पावणेनऊ कोटी लिटर कोठे ठेवले होते, असा त्यांचा प्रश्न होता. खाली आणखी एक ओळ होती : काकवी गुऱ्हाळावर मिळते आणि ती भाकरीबरोबर खातात, ज्याच्यापासून मद्यार्क काढतात ती मळी.

दोन्ही मुद्दे बरोबर होते. इंग्रजीत जो एक शब्द आहे त्यासाठी आपल्या जिल्ह्यात दोन वेगळे पदार्थ, दोन वेगळे वास आणि दोन वेगळे भाव आहेत, आणि बॉस्टनच्या टाकीतला माल औद्योगिक मद्यार्कासाठीच साठवलेला होता. त्या पत्रानंतर मी घटनेविषयी पुन्हा वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आले की छापलेल्या चौकटीत खरी बातमी आलीच नव्हती. टाकीचा पत्रा हव्या त्या जाडीचा नव्हता. ती पहिल्यापासून गळत होती आणि गळती दिसू नये म्हणून तिला तपकिरी रंग दिला होता. अपघाताच्या आदल्या एकदोन दिवसांत जहाजातून आलेला उबदार माल तिच्यात जवळजवळ काठापर्यंत भरला गेला होता. कंपनीने आधी अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवल्याचा दावा केला, तो चौकशीत टिकला नाही आणि तिला भरपाई द्यावी लागली. इतका दाट द्रव माणसाला पळूही न देता कसा गाठतो, या शंकेचेही उत्तर मिळाले. मळी पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते. पन्नास फुटी स्तंभ एकदम मोकळा झाला तेव्हा वजनाच्या रेट्यानेच लाट धावली, आणि पुढे जानेवारीच्या थंडीत ती घट्ट होत गेल्यामुळे अडकलेल्यांना बाहेर काढणे कठीण झाले. शिरोळ किंवा कागल तालुक्यातील वाचकाला यात नवल वाटण्यासारखे काही नाही. मळीची टाकी त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते. त्याच्यासाठी ही गंमत नसून कारखान्यातील अपघाताची बातमी आहे.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही तीच लावतो. चमत्कारिक बातमी हाती आली की आपल्या जिल्ह्यात असा कोण वाचक आहे ज्याला ती चमत्कारिक वाटणार नाही, याचा आधी विचार करावा आणि मग ती त्याच्या समोर बसून लिहावी.

ऑस्ट्रेलियातील ‘एमू युद्ध’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. १९३२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पिकांवर तुटून पडलेल्या सुमारे वीस हजार एमूंविरुद्ध (उडता न येणाऱ्या मोठ्या पक्ष्यांविरुद्ध) लष्कराच्या एका मेजरच्या हाताखाली दोन मशीनगन आणि दहा हजार गोळ्या पाठवण्यात आल्या, पक्षी लहान लहान टोळ्यांनी पांगले आणि मोहीम फसली. जगभरची नियतकालिके येथेच थांबतात व ‘पक्ष्यांनी युद्ध जिंकले’ असा मथळा देतात. परंतु तेथील अनेक शेतकरी पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक होते, सरकारने त्यांना पडीक भागात जमिनी दिल्या होत्या, मंदीमुळे गव्हाचे भाव कोसळले होते आणि एमूंनी मोडलेल्या कुंपणांतून ससेही शेतात घुसत होते. राधानगरीकडे गव्यांच्या कळपाने ऊस तुडवलेला ज्याने पाहिला आहे, किंवा आजरा-चंदगड भागात हत्ती येऊन गेल्यावर पंचनाम्याची वाट पाहिली आहे, तो मशीनगन मागणाऱ्या त्या शेतकऱ्याला हसणार नाही. मी ही बातमी दुसऱ्यांदा लिहिली तेव्हा मशीनगन दुसऱ्या परिच्छेदात ढकलली आणि गव्हाचा भाव पहिल्यात घेतला. सहकाऱ्यांना ती कमी मजेदार वाटली. मला ती अधिक बरी वाटली.

उत्तर प्रदेशातील आजमगढ जिल्ह्याच्या लालबिहारी यांची कथा तर आपल्याकडे कोणत्याही तलाठी कार्यालयाच्या ओट्यावर समजेल. कर्जासाठी कागद काढायला गेल्यावर त्यांना कळले की महसुली दप्तरात आपण मृत आहोत आणि जमीन नातेवाइकांच्या नावावर चढली आहे. आपण जिवंत असल्याची नोंद कोठे तरी व्हावी म्हणून त्यांनी निवडणुका लढवल्या, नावापुढे ‘मृतक’ लावले, अशाच कागदोपत्री मेलेल्यांचा ‘मृतक संघ’ काढला आणि १९९४ मध्ये ते दप्तरात पुन्हा जिवंत झाले. २००३ मध्ये त्यांना शांततेचा इग्नोबेल पुरस्कार जाहीर झाला. इग्नोबेल हे नाव दिसले की नवखे उपसंपादक त्याला ‘मूर्खपणाचे नोबेल’ म्हणून मोकळे होतात. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामासाठी तो दिला जातो, आणि चुंबकाच्या साहाय्याने बेडूक हवेत तरंगवल्याबद्दल २००० मध्ये तो मिळवणाऱ्यांपैकी आंद्रे गाइम यांना दहा वर्षांनी भौतिकशास्त्राचे खरे नोबेलही मिळाले, एवढे लक्षात ठेवले तरी तो शब्द पुन्हा टंकला जाणार नाही.

बातमी खरी आहे की नाही हे कसे तपासावे, असा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. पहिली चाळणी तारखेची. बीबीसीने झाडावरून स्पॅगेटी तोडणारे स्विस शेतकरी दाखवले तो दिवस १ एप्रिल १९५७ होता, आणि कित्येक प्रेक्षकांनी ते रोप कोठे मिळेल अशी विचारणा केली होती. दुसरी चाळणी मूळ स्रोताची : ज्या गावात घटना घडली तेथील स्थानिक वृत्तपत्राने ती दिली आहे का, हे पाहिल्याशिवाय तिसऱ्या देशाच्या संकेतस्थळावरून बातमी उचलू नये. २०१२ मध्ये ‘द ओनियन’ या अमेरिकन विडंबनपत्राने उत्तर कोरियाच्या किम जोंग उन यांना सर्वांत देखणा पुरुष ठरवले आणि चीनच्या ‘पीपल्स डेली’च्या संकेतस्थळाने ते खरे मानून सोबत ५५ छायाचित्रे दिली. इतक्या मोठ्या संस्थेचे असे होत असेल, तर रात्रपाळीला एकट्या बसलेल्या शिकाऊ मुलाने आपल्या हुशारीवर विसंबू नये.

तिसरी चाळणी आपल्या स्वतःच्या डोळ्यांची, आणि ती सर्वांत अवघड. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता देशभर पसरली तेव्हा मी शाळेत होतो आणि आमच्या गल्लीतल्या मंदिरासमोरच्या रांगेत तांब्या घेऊन उभा होतो. चमच्यातले दूध कमी होताना मी पाहिले आहे. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले की पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाचा ताण) आणि केशाकर्षण (बारीक फटींतून द्रव ओढला जाणे) यांमुळे ते पातळ थराने मूर्तीवरून खाली ओघळते, पण ते स्पष्टीकरण मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाले. मी पाहिलेले खोटे नव्हते, माझा निष्कर्ष चुकला होता. म्हणून ‘प्रत्यक्षदर्शींनी सांगितले’ असे वाक्य आले की मी त्यांनी नेमके काय पाहिले एवढेच ठेवतो आणि त्यांनी काय अनुमान काढले ते वेगळ्या वाक्यात घालतो.

सामान्यज्ञानाच्या प्रश्नांत धोका एकाच शब्दात दडलेला असतो, तो म्हणजे ‘पहिला’. महाविद्यालयांच्या प्रश्नमंजूषांसाठी मी अनेक वर्षे प्रश्न काढले आहेत आणि सर्वाधिक भांडणे याच शब्दावरून झालेली पाहिली आहेत. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी पडद्यावर आला, मात्र ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते. तेव्हा ‘पहिला भारतीय चित्रपट कोणता’ हा प्रश्न अपुरा ठरतो. ‘पहिला पूर्ण लांबीचा भारतीय कथाचित्रपट’ असे म्हटले म्हणजे वाद बराच आवरतो. कोल्हापुरात तर परीक्षकाने विशेष जपून राहावे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये येथे स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली, त्यामुळे १९३२ चा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट कोल्हापूरचा आहे. हे कोणी पुण्याच्या नावावर घातले, तर प्रेक्षागृहातील एखादे आजोबा उठून उभे राहतातच, आणि त्यांनी राहावेच. चीनची भिंत अवकाशातून नुसत्या डोळ्यांनी दिसते हे वाक्यही प्रश्नपत्रिकांत वर्षानुवर्षे फिरत आहे. २००३ मध्ये चीनचेच पहिले अंतराळवीर यांग लिवेई परत आल्यावर आपल्याला ती दिसली नाही असे म्हणाले, तरी ते वाक्य निवृत्त व्हायला तयार नाही.

पैशांच्या आकड्यांबाबत फार लिहीत नाही. भिंतीला चिकटपट्टीने लावलेले मौरिझिओ कॅटेलान यांचे केळे नोव्हेंबर २०२४ मध्ये ६२ लाख डॉलरला, म्हणजे सुमारे ५२ कोटी रुपयांना विकले गेले, तेव्हा बहुतेकांनी फळाची किंमत छापली. विकले गेले ते प्रमाणपत्र आणि मांडणीच्या सूचना. केळे नासले की नवे लावायचे असते. हे एक वाक्य घातले असते तर बातमी समजली असती.

एका मथळ्याची मला अजूनही लाज वाटते. २०१२ मध्ये स्पेनमधील बोर्खा गावी ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी चर्चमधील येशूचे भित्तिचित्र दुरुस्त करू पाहिले, ते ओळखू न येण्याइतके बदलले आणि जगभर त्यांची टर उडवली गेली. मीही ‘आजीबाईंचा प्रताप’ असा मथळा देऊन हात धुऊन घेतले. पुढे त्या चित्रासाठी पर्यटकांची रीघ लागली, प्रवेशशुल्क बसले आणि गावाला उत्पन्न मिळू लागले, पण तो उत्तरार्ध मी छापला नाही. त्या दिवशी चौकटीच्या जागी जाहिरात होती. तेव्हापासून मी एक वही ठेवतो. छापलेली प्रत्येक बातमी तिच्यात लिहितो आणि सहा महिन्यांनी तिचे पुढे काय झाले ते पाहतो. कामाला नव्याने लागणाऱ्याने पहिल्या दिवशी काही विकत घ्यायचे असेल तर अशी दोनशे पानी वही घ्यावी.

प्रवेशाचा मार्ग म्हणाल तर शिवाजी विद्यापीठातील पत्रकारितेचे शिक्षण उपयोगी पडते, परंतु या सदरासाठी त्याहून अधिक उपयोग करवीर नगर वाचन मंदिरात बसून जुनी नियतकालिके चाळण्याचा झाला, असे मी माझ्यापुरते सांगेन. पगार सुरुवातीला बेताचाच असतो आणि रात्रपाळी चुकत नाही.

निवड करताना मी उमेदवारांना लेखी परीक्षा म्हणून नेहमी एकच बातमी देतो. २०१६ मध्ये ब्रिटनच्या एका संशोधन परिषदेने आपल्या नव्या ध्रुवीय संशोधन नौकेसाठी लोकांकडून नाव मागवले, तेव्हा १ लाख २४ हजारांहून अधिक मते मिळवून ‘बोटी मॅकबोटफेस’ हे थट्टेखोर नाव पहिले आले. शासनाने नौकेला सर डेव्हिड ॲटनबरो यांचे नाव दिले आणि लोकांची समजूत काढण्यासाठी तिच्यावरील एका छोट्या स्वयंचलित पाणबुडीला ‘बोटी’ म्हटले. मी स्वतः ही बातमी छापली होती तेव्हा ते नाव देवनागरीत जसेच्या तसे ठेवून कंसात तीन ओळींचे स्पष्टीकरण दिले होते आणि त्यात विनोदाचा जीव गेला होता. बहुतेक उमेदवारही तेच करतात. गडहिंग्लजहून आलेल्या एका मुलीने मात्र त्या नौकेचे ‘होडीराव होडीतोंडे’ असे बारसे केले आणि वर मथळा लिहिला : ‘नावेला नाव ठेवायला सांगितले, लोकांनी नावे ठेवली’. हल्ली सातव्या पानाचा तो कोपरा तीच सांभाळते.