लॅबमधून पेटंट सर्चकडे: आधी क्लेम वाचायला शिका

मिरजेच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीन वर्षं काढल्यावर मी पेटंट सर्चच्या कामात आले, म्हणजे पेटंट मागितलेली गोष्ट आधी कुठं छापून आली आहे का हे शोधायचं काम. आता सांगलीत घरूनच करते. मायक्रोबायोलॉजी झालेल्या मुली विचारतात, "ताई, आम्हाला जमेल का?" जमेल. लॅबचा हात असेल तर जास्तच, फक्त वाचायची सवय बदलावी लागते.

माझं पहिलं काम स्ट्रिप टेस्टचं होतं, रचना गर्भचाचणीच्या कार्डासारखी. मी स्पेसिफिकेशन, म्हणजे पेटंटमधलं शोधाचं सविस्तर वर्णन, वाचलं, आकृत्या पाहिल्या आणि सगळं कळलं असं समजून शोधायला बसले. दोन दिवसांत जुना पेपर हाती लागला: तोच अँटिजेन, तशीच नायट्रोसेल्युलोजची पट्टी, तशीच रंगीत रेघ. आनंदाने माझं काम तपासणाऱ्या सरांना पाठवला. त्यांचा फोन आला, "क्लेममध्ये अँटिबॉडी पॅडवर सुकवलेली आहे. तुमच्या पेपरात ती कुठं आहे, दाखवा."

नव्हती. क्लेम म्हणजे नेमक्या कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारं वाक्य, आणि त्यातला प्रत्येक शब्द मोजला जातो. पेपरात रंग जोडलेली अँटिबॉडी वरून थेंबाने घातली होती. क्लेममध्ये ती आधीच सुकवून ठेवलेली, नमुना पोचला की सुटून पुढे वाहणारी. अशी कार्डं रोज हाताळूनही "सुकवलेली" या शब्दावरून माझी नजर घसरली होती, याचं फार वाईट वाटलं.

तेव्हापासून क्लेम १ चे तुकडे करून वहीत एकाखाली एक उतरवते आणि समोर पेपरातली ओळ लिहिते. नावीन्य नाही म्हणायचं तर सगळे तुकडे एकाच कागदात सापडावे लागतात, आणि तो प्रायॉरिटी डेटच्या, म्हणजे त्या शोधासाठी पहिला अर्ज केल्याच्या तारखेच्या, आधीचा हवा. दोन कागद जोडायचे तर तो इन्व्हेंटिव्ह स्टेपचा, म्हणजे शोध सहज सुचण्यासारखा नाही ना याचा, मुद्दा. तिथे ते जोडावेत असं त्या क्षेत्रातल्या माणसाला का सुचलं असतं, हे सांगावं लागतं. क्लेममध्ये भागांच्या यादीआधी "कम्प्रायझिंग" असेल तर यादीबाहेरचा जास्तीचा भाग चालतो, "कन्सिस्टिंग ऑफ" असेल तर सहसा नाही.

प्रायर आर्ट, म्हणजे आधीपासून उपलब्ध असलेलं ज्ञान, काय असतं हे सांगलीकराला हळदीवरून पटकन कळतं. हळदीने जखम भरण्यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट मिळालं. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या आजीला हे ठाऊक होतं, पण तेवढ्यानं भागलं नसतं. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातलं ज्ञान छापील स्वरूपात दाखवावं लागे. म्हणून संस्कृत ग्रंथांसोबत १९५३ चा वैद्यकीय जर्नलमधला लेखही पुढे ठेवला गेला. त्यामुळे आजही "हे तर सगळ्यांना माहीत आहे" असं मनात आलं की मी पहिल्यांदा तारीख असलेला कागद शोधते.

निदानात आणखी एक गोष्ट बघावी लागते. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(आय) नुसार रोगनिदानाच्या पद्धतीला पेटंट नाही. किट किंवा उपकरणाला मिळू शकतं. अमेरिकेत २०१२ च्या मेयो खटल्यात, औषधापासून शरीरात तयार होणाऱ्या घटकाची रक्तातली पातळी बघून डोस ठरवण्याचे क्लेम सुप्रीम कोर्टात टिकले नाहीत. म्हणून क्लेम पद्धतीचा आहे की वस्तूचा, हे मी सर्वांत आधी बघते.

पेटंट एजंटची, म्हणजे दुसऱ्यांच्या वतीने पेटंटचे अर्ज करणाऱ्याची, परीक्षा विज्ञानाच्या पदवीवर देता येते, पण सराव आजच सुरू करा. पेटंट शोधायच्या गूगल पेटंट्स आणि एस्पासनेट या वेबसाइट फुकट आहेत. लॅबमधून मुदत संपलेलं, न वापरलेलं एक कार्ड मागून आणा आणि ब्लेडने उघडा. आत तांबूस पॅड दिसेल. शेजारी एखाद्या स्ट्रिप टेस्टचा क्लेम ठेवा आणि त्यातला एकेक शब्द त्या पट्टीवर बोट ठेवून शोधा.