वेब डिझाइनचा प्रकल्प सादर करण्यापूर्वी

‘माझ्या संगणकावर पान नीट दिसत होते’ हे कारण वेब डिझाइनच्या अभ्यासक्रमात सहसा ग्राह्य धरले जात नाही. म्हणून मुदतीच्या निदान एक दिवस आधी काम सर्व्हरवर, म्हणजे संकेतस्थळ जेथून सर्वांना दिसते त्या संगणकावर, चढवून ते दुसऱ्या संगणकावर आणि मोबाइलवर उघडून पाहावे. विंडोजमध्ये फाइलच्या नावातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद सहसा मानला जात नाही, लिनक्स या दुसऱ्या संगणक प्रणालीवर चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र तो काटेकोरपणे पाळला जातो. चित्राच्या नावाअखेरचे ‘जेपीजी’ मोठ्या अक्षरांत असेल आणि कोडमध्ये ते लहान अक्षरांत लिहिले असेल, तर घरी दिसणारे चित्र तेथे दिसेनासे होते. सर्व नावे लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहिण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लावून घ्यावी. उशिरा दिलेल्या कामाचे गुण कसे कापले जातात, हेही तेव्हाच वाचून ठेवावे.

दुसऱ्याच्या कोडविषयीचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घेतलेला तुकडा कोठून घेतला, हे एचटीएमएल (पानाची रचना ठरवणारा कोड) किंवा सीएसएसच्या (पानाचे रूप ठरवणारा कोड) फाइलमध्ये त्याच जागी टिप्पणी लिहून नोंदवावे. आणि त्यातील प्रत्येक ओळ काय करते हे शिक्षकांना तोंडी सांगता येत नसेल, तर परवानगी असली तरी तो तुकडा वापरू नये.