घरातील गाडी कोणी चालवायची? या चुका टाळा

घरातील गाडी कोणी चालवावी हे आपण सवयीने ठरवतो: वडील, त्यांच्यानंतर मुलगा, आणि आई मागे. सर्वांत घातक चूक हीच आहे, कारण गाडी चालवताना डोळे, मान आणि प्रसंगावधान कामी येते, घरातील मान नव्हे.

वर्धा मार्गावर संध्याकाळी समोरून दिवे आले की माझे वडील डोळे बारीक करून गाडी एकदम डावीकडे घेत आणि समोरच्याच्या अप्पर लाइटला दोष देत. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. विशीच्या तुलनेत साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, आणि मोतीबिंदू तोही विखुरतो. काचबिंदू तर बाजूची नजर इतक्या गुपचूप कमी करतो की चौकात शेजारून आलेली दुचाकी दिसतच नाही. म्हणून परवान्याच्या नूतनीकरणासाठी चाळिशीनंतर लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र सही-शिक्क्यापुरते घेऊ नका. पंचावन्नीनंतर परवाना ५ वर्षांचा मिळतो, पण नजर तेवढा काळ तशीच राहत नाही. ती दरवर्षी तपासा. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

दुसरी चूक म्हणजे ‘बायकांना गाडी जमत नाही’ असे म्हणत पन्नाशीतल्या आईची स्कूटर बंद करणे. आपल्या देशात रस्ते अपघातांतील मृतांमध्ये पुरुषच कितीतरी अधिक असतात. ते गाडी जास्त चालवतात हे खरे, पण वेग आणि दारूचा वाटाही त्यात आहे. मात्र सारख्याच धडकेत स्त्रीला गंभीर इजा होण्याची शक्यता जास्त असते. मोटारींच्या चाचण्यांतील पुतळे दीर्घकाळ सरासरी पुरुषाच्या बांध्याचेच होते, आणि रजोनिवृत्तीनंतर हाडेही ठिसूळ होतात. उंची कमी असल्यास स्टिअरिंगला चिकटून बसू नका. सीट उंच करून छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि पट्टा पोटावर न घेता कमरेच्या हाडांवर घ्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवले जाते. जाड गुंडाळीमुळे हेल्मेट नीट बसत नाही, आणि दुपट्टा डोळ्यांच्या कडेला आला की बाजूचे दिसत नाही. आत पातळ सुती टोपी घाला, दुपट्ट्याची टोके खोचून घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा आवळा. मागे एका बाजूला पाय टाकून बसलेल्या आईलाही कायद्याने हेल्मेट सक्तीचे आहे. तिचा पदर चाकापासून दूर आहे ना, हे गाडी सुरू करण्यापूर्वी वळून पाहा.