दोन जनगणनांच्या मधे हरवलेली मुलं

व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या गरीब कुटुंबाचा माग काढताना केवळ जनगणनेवर भिस्त ठेवू नका. ती दहा वर्षांनी एकदा व्हायची. १८८२ला जन्मून १८८५ला गेलेलं मूल तिच्यात दिसणारच नाही.

आई १९११मध्ये हयात असेल तर आधी त्या वर्षीचा जनगणनेचा अर्ज उघडा. किती मुलं झाली, किती गेली, हे त्यात विवाहित स्त्रियांना विचारलं होतं. विधवांना प्रश्न लागू नव्हता, तरी अनेकींनी आकडे भरले आणि मग ते खोडले गेले. खोडलेलं बहुतेकदा वाचता येतं, तेव्हा झूम करून बघाच.

आकडा कळला की जनरल रजिस्टर ऑफिसच्या, म्हणजे तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कार्यालयाच्या, संकेतस्थळावरची जन्मसूची चाळा. तिच्यात १८३७पासून आईचं माहेरचं आडनाव असतं. वडिलांचं आडनाव, आईचं माहेर आणि नोंदणी जिल्हा जुळला की भावंडं सापडू लागतात. मग मृत्युसूचीत वय ताडून पाहा.

दाखला मागवलात तर मृत्यूच्या कारणाआधी पत्ता वाचा. दर दाखल्यावर वेगळी गल्ली असेल, तर भाड्याच्या खोल्या बदलत कुटुंब फिरत होतं, असा माझा पहिला अंदाज असतो. पत्त्याच्या जागी ‘वर्कहाउस’ (निराधार गरिबांना कामाच्या बदल्यात ठेवून घेणारी सार्वजनिक संस्था) असेल, तर तिथली प्रवेश-नोंदवही शोधा. ती सहसा काउंटीच्या अभिलेखागारात मिळते.