उत्तर चिंग काळातील पाश्चात्त्यांचा वाटा कसा तपासावा

चिंग या चीनच्या शेवटच्या राजघराण्याच्या अखेरच्या काळात देशाच्या आधुनिकीकरणात पाश्चात्त्य परकीयांचा वाटा किती, या प्रश्नावर लिहिताना दोन तयार उत्तरे लगेच समोर येतात. एक म्हणते की झोपलेल्या चीनला पाश्चात्त्यांनी जागे केले, आणि दुसरे म्हणते की ते सारे साम्राज्यवादाचे हस्तक होते. दोन्ही उत्तरे कागदपत्रे न पाहता देता येतात, म्हणून ती बाजूला ठेवावीत आणि एखादी ठरावीक संस्था व तिच्यात काम केलेला एखादा ठरावीक माणूस निवडावा. मग क्रमाने विचारावे: या माणसाला नेमले कोणी, त्याचा पगार कोणाच्या तिजोरीतून येत होता, त्याला काढून टाकण्याचा अधिकार कोणाकडे होता, आणि त्याच्या नावावर असलेले काम प्रत्यक्षात कोणाकोणाच्या हातून झाले.

सुरुवातीला नावांची एक वही करावी. जुन्या इंग्रजी ग्रंथांतला ली हुंग-चांग आणि आजच्या लेखनातला ली होंगझांग हा एकच मुत्सद्दी आहे. तसेच पेकिंग म्हणजे बीजिंग आणि तिएनत्सिन म्हणजे त्यानजिन. परकीयांनाही चिनी नावे होती. रॉबर्ट हार्ट चिनी कागदपत्रांत ‘हे दे’ असतो, तर जॉन फ्रायर ‘फू लानया’. या जोड्या जुळवल्या नाहीत तर एकाच घटनेची चिनी आणि इंग्रजी बाजू दोन वेगळ्या घटना वाटू लागतात.

पहिला अभ्यास सागरी जकात खात्याचा करावा, कारण तिथे वरील प्रश्नांची उत्तरे एकमेकांना छेद देतात. 1853 मध्ये ‘छोटी तलवार’ मंडळाच्या बंडखोरांनी शांघायचे तटबंदीतील शहर घेतले, चिंग अधिकाऱ्यांची जकात वसुली कोलमडली आणि 1854 मध्ये परकीय वकिलातींच्या संमतीने परकीय निरीक्षक नेमण्याची व्यवस्था झाली. या तात्पुरत्या सोयीतूनच पुढे देशभर पसरलेले खाते उभे राहिले. आयर्लंडमध्ये जन्मलेला हार्ट 1863 मध्ये त्याचा महानिरीक्षक झाला आणि 1911 मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पद त्याच्याच नावे राहिले, जरी 1908 मध्येच त्याने चीन सोडला होता. तो चिंग सरकारचा नोकर होता आणि हे खाते चिनी आहे, परकीय नाही, हे त्याने आपल्या अधिकाऱ्यांना 1864 च्या परिपत्रकात बजावले होते. मात्र जकातीचा दर साधारण 5 टक्क्यांवर बांधून ठेवणारे करार युद्धातील पराभवानंतर लादलेले होते, आणि खात्यातील वरची पदे परकीयांच्याच हाती राहिली.

इथे एक बारकावा सहज निसटतो. परकीय कमिशनर जकातीची आकारणी करत, पण व्यापारी पैसे भरत ते चिनी अधीक्षकाच्या देखरेखीखालील पेढीत. रोकड थेट कमिशनरांच्या ताब्यात आली ती 1911 च्या क्रांतीनंतर. म्हणून ‘परकीयांनी चीनची तिजोरी चालवली’ असे विधान करण्यापूर्वी ते कोणत्या वर्षाबद्दल आहे हे तपासावे. 1901 मध्ये बॉक्सर उठावानंतर (परकीयांविरुद्धच्या बंडानंतर) चीनवर 45 कोटी ताएलची (ताएल हे चांदीचे चिनी माप) नुकसानभरपाई लादली गेली आणि जकातीचे उत्पन्न तिच्यासाठी तारण पडले, तेव्हा याच कार्यक्षम खात्याचा अर्थ पालटला. दीपगृहे उभारणारी आणि 1896 मध्ये शाही टपालसेवा हाती घेणारी यंत्रणाच कर्जफेडीची हमीही ठरली. या दोन्ही बाजू एकाच परिच्छेदात मांडाव्यात. स्वतंत्र प्रकरणांत टाकल्या की त्यांचा संबंध तुटतो.

दुसरा अभ्यास शांघायच्या जियांगनान शस्त्रनिर्मिती कारखान्यातील भाषांतर विभागाचा करावा. मला स्वतःला या सगळ्या विषयात हीच जागा सर्वांत समृद्ध वाटते. 1868 पासून फ्रायर तिथे पगारी भाषांतरकार होता आणि सत्तरहून अधिक ग्रंथांच्या भाषांतरांशी त्याचे नाव जोडले जाते. पण ते भाषांतर व्हायचे कसे, हे पाहावे. परकीय माणूस मूळ मजकूर वाक्यावाक्याने चिनी बोलीत सांगे आणि शेजारी बसलेला चिनी विद्वान तो ग्रांथिक चिनीत उतरवून घेई. रसायनशास्त्रासाठी हा विद्वान होता शू शोउ. मूलद्रव्याच्या पाश्चात्त्य नावातील एक उच्चार घ्यायचा, त्याला धातूदर्शक चिन्ह जोडायचे आणि एकाक्षरी नाव तयार करायचे, ही पद्धत या दोघांच्या बैठकीत घडली आणि तिच्यातील अनेक अक्षरे चीनमध्ये आजही वापरली जातात. मुखपृष्ठावर केवळ परकीयाचे नाव वाचून श्रेय वाटणाऱ्याला हे दिसणार नाही. शू शोउ आणि हुआ हेंगफांग यांनी फ्रायर येण्यापूर्वीच, 1862 मध्ये, झेंग ग्वोफान या चिंग प्रशासक-सेनानीच्या आश्रयाखाली आनचिंग येथे वाफेचे इंजिन बनवले होते, ही गोष्ट विशेष आवर्जून नोंदवावी.

परकीयाला काढून टाकण्याचा अधिकार कोणाकडे होता, हे तपासायला नानजिंगचा शस्त्रकारखाना पाहावा. तो चालवणारा हॅलिडे मॅकार्टनी मूळचा ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सक होता. 1875 मध्ये त्यानजिनजवळच्या दागू या किल्ल्यावर या कारखान्यात बनलेल्या तोफा फुटून माणसे दगावली आणि ली होंगझांगने त्याला दूर केले. फूजौच्या गोदीत करारच मुदतीचा होता. झ्वो झोंगतांग या चिंग अधिकाऱ्याने 1866 मध्ये पाया घातलेल्या आणि शेन बाओझेन या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली वाढलेल्या या गोदीत प्रॉस्पेर जिकेल या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने जहाजबांधणी आणि चिनी तंत्रज्ञांचे प्रशिक्षण या दोन्हींची जबाबदारी घेतली होती आणि 1874 मध्ये फ्रेंच कर्मचारी करारानुसार परतले. दहा वर्षांनी, ऑगस्ट 1884 मध्ये, फ्रेंच आरमारानेच ती गोदी आणि तिथले जहाजांचे दल उद्ध्वस्त केले. शिकवणाऱ्या व्यक्तीचा प्रामाणिकपणा आणि तिच्या राष्ट्राचे धोरण या दोन वेगळ्या गोष्टी असल्याने त्यांचा पुरावाही वेगवेगळा शोधावा लागतो.

रेल्वेच्या बाबतीत दोन मार्गांची तुलना करावी. शांघायजवळील वूसोंग मार्ग परकीय व्यापाऱ्यांनी 1876 मध्ये परवानगीविना सुरू केला. सरकारने तो विकत घेऊन 1877 मध्ये उखडून टाकला. हा प्रसंग चिनी मागासलेपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो, पण चारच वर्षांनी, 1881 मध्ये, कायपिंगच्या खाणींतील कोळसा वाहण्यासाठी तांगशानचा छोटा मार्ग तयार झाला. त्याचा अभियंता क्लॉड किंडर इंग्रज होता, मात्र खाणींची कंपनी चिनी होती आणि तिला ली होंगझांगचा आश्रय होता. त्यामुळे वाद रुळांचा होता की रुळांवरील हक्काचा, हे या दोन मार्गांवरूनच ठरवता येते. पुढे किंडरच्या हाताखाली काम केलेला झान त्यानयो, जो चिनी शैक्षणिक मोहिमेतून अमेरिकेला पाठवलेल्या 120 मुलांपैकी एक होता, त्याने 1905 ते 1909 या काळात बीजिंग–झांगजियाको मार्ग परकीय अभियंत्यांशिवाय पूर्ण केला.