सॅन होजेतून म्युनिकला येताना चुकलेला हिशेब
सॅन होजेत चार वर्षं काढून म्युनिकला यायचं ठरलं तेव्हा आम्ही दोघांनी रात्र जागून हिशेब मांडला. तिथलं वन-बेडरूमचं भाडं 2,600 डॉलर, इथल्या जाहिरातीत 1,500 युरो. पगार निम्म्यावर आला तरी भागेल असं वाटलं आणि तिथेच फसलो.

जाहिरातीत ठळक लिहितात ते 'काल्टमीटे', नुसत्या जागेचं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची सफाई हे 'नेबेनकोस्टन' वेगळं, आमचं 280 युरो. वीज, इंटरनेट त्यावर. वर्षाचा प्रत्यक्ष वापर जास्त निघाला तर फरकही भरायचा. अनामत तीन काल्टमीटेपर्यंत, आमची 4,500. किल्ली घेऊन आत गेलो तर स्वयंपाकघरात भिंतीतून डोकावणारा पाइप आणि छताला लोंबणारी वायर. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. बायको मुलीला कडेवर घेऊन दारातच थांबली. तीन आठवडे इंडक्शनवर खिचडी शिजवली, भांडी बाथरूममध्ये घासली. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे', म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर, हा शब्द नसेल तर ओटा नाही असंच धरा. आणि अनामत तीन हप्त्यांत भरायचा हक्क कायद्याने दिलाय. मला कुणी सांगितलं नाही, मी एकरकमी भरली.

घर शोधून देणाऱ्या सल्लागाराला पैसे देण्यापेक्षा 'मीटरफराइन'ची, म्हणजे भाडेकरू संघाची वर्गणी भरा. पगाराला रुपयांत गुणून सल्ला देणाऱ्या सीनियरचं तर अजिबात ऐकू नका.

पण घाबरू नका. मागच्या हिवाळ्यात माझं पाठीचं ऑपरेशन झालं. पाच आठवडे घरी होतो, पगार पूर्ण आला. सहा आठवड्यांपर्यंत तो कंपनीनेच द्यायचा असतो. हॉस्पिटलात दिवसाला 10 युरो भरले. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाच्या सुट्ट्या कायद्याने किमान 20, आमच्याकडे 30. अमेरिकेत मुलीच्या जन्माच्या वेळी कॅलिफोर्नियाच्या योजनेमुळे थोडा पगार मिळाला. केंद्रीय कायद्यात 12 आठवड्यांची रजा आहे, तीही बिनपगारी. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की नवी शोधायला किंवा देश सोडायला हातात उरतात जास्तीत जास्त 60 दिवस. ते मी कॅलेंडरवर खोडत काढलेत.

तरीही घरचं कर्ज फेडायचं असेल तर शेअर्ससकट अमेरिकेची ऑफर घ्या. इथे तेवढं शिल्लक पडत नाही. पगारातून पेन्शनला 9.3 टक्के, आरोग्य विम्याला 7.3 टक्के आणि वर थोडं, मग कर. एकट्याला तर तो आणखी लागतो.

इथली ऑफर घेत असाल तर सही करण्याआधी पहिल्या दोन महिन्यांची राहायची सोय एचआरकडून लिहून घ्या. आम्ही मागितलीच नव्हती.